पटतंय ना?

पन्नाशी उलटलेले आमच्या गावच्या वाचनालयाचे अभ्यासमंडळ गेल्या महिन्यात बंद झाले. निरोपाच्या सभेला सूत्रधार म्हणून पाचारण केलेल्या तरुणाने पडद्यावर रंगीत चित्रे दाखवीत, दर पाच मिनिटांनी "पटतंय ना?" असे विचारावे आणि माना डोलल्या की पुढचे चित्र काढावे, असा क्रम दोन तास चालविला. पुण्यात १८७५ साली रानड्यांच्या पुढाकाराने वक्तृत्वाला उत्तेजन देणारी सभा निघाली; प्रश्नाला उत्तेजन देणारी सभा काढण्याची गरज मात्र दीडशे वर्षांत कोणास भासली नाही.

मंडळाच्या १९८२ नंतरच्या इतिवृत्तांत चहापानाखेरीज टवटवीत असे काही नाही. माझे मन घोटाळते ते त्यापूर्वीच्या दशकात.

१९७२ च्या अवर्षणानंतरच्या उन्हाळ्यात 'दुष्काळाची कारणमीमांसा' हा विषय मीच ठेवला होता आणि "शासनाचे धोरण अपुरे पडले, असे आपणांस वाटत नाही काय?" असा, उत्तर पोटात घेऊनच जन्मलेला प्रश्न मोठ्या दिमाखाने विचारला होता. त्यावर दोन वकील आणि एक निवृत्त मामलेदार तासभर बोलले. दाराशी वर्तमानपत्र चाळीत बसलेल्या, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या गृहस्थाकडे कोणाचे लक्ष नव्हते. आमचे ग्रंथपाल तेवढे त्याच्याकडे वळले आणि म्हणाले, "काल तुमची खडी मोजली, तेव्हा टेप कोणाच्या हातात होती?" मग ब्रास कसा भरतो, मुकादम ढिगावर कोठे टेप धरतो, हजेरीपटावर अंगठा आधी आणि पगार तीन आठवड्यांनी कसा, हे तो अर्धा तास सांगत राहिला. मामलेदारसाहेब, ज्यांच्या दप्तरातून असले हजेरीपट आयुष्यभर गेले होते, ते त्या संध्याकाळी पुन्हा बोलले नाहीत.

प्रश्न विचारला की ग्रंथपाल चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसू लागत, आणि कोणी बोलेपर्यंत त्यांचे पुसणे संपत नसे. आमच्यासारखे अधीर लोक तेवढ्या अवकाशात तीन उपप्रश्न जोडून मूळचा प्रश्न गाडून टाकीत. आणीबाणीच्या एकवीस महिन्यांत तर चष्मा फारच वेळ पुसला जाई, कारण मागच्या बाकावर साध्या वेषातील एक शिपाई नेमाने येऊन बसे. एकदा ग्रंथपालांनी त्यालाच विचारले, "आजच्या चर्चेत तुम्हांला काय उमगले नाही?" तो ओशाळून म्हणाला, "वर लिहून काय द्यायचं, तेच." त्या दिवशी आमची भीड चेपली.

पुढे १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी रोजगार हमीचा कायदा अमलात आला, तेव्हा मंडळात काम मागण्याचा हक्क या विषयावर एका विद्वानाचे व्याख्यान झाले. ग्रंथपाल तोवर निवृत्त झाले होते, आणि खडी फोडणाऱ्यास बोलावण्याचे अध्यक्ष या नात्याने मला सुचले नाही.

परवाच्या सभेत तरुणाने अखेरीस "काही प्रश्न?" असे विचारले. माझा हात अर्धा वर गेला होता. तोवर पडद्यावर 'धन्यवाद' उमटले आणि कोणीतरी दिवे लावले.