थांबायचं कधी, हे जाणणारा कोड

गुरुग्रामच्या सायबर सिटीतल्या एखाद्या मोठ्या ऑफिसात शेकडो संगणक असतात. पण इंटरनेटवर बाहेर पडताना बहुधा त्या सगळ्यांचा आयपी पत्ता एकच दिसतो. या व्यवस्थेला ‘नॅट’ म्हणतात. एरवी तिची कुणाला दखलही घ्यावी लागत नाही. मात्र प्रोग्रामरांच्या शंकांचं निरसन करणाऱ्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’वरची माहिती कोडमधून मागवायला गेलं, की ती आडवी येऊ शकते.

जेफ अ‍ॅटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या या संकेतस्थळाला एपीआय आहे, म्हणजे एका प्रोग्रामनं दुसऱ्याकडे माहिती मागण्याची ठरवून दिलेली रीत. नोंदणी करून ‘की’ घेतली नसेल, तर एका आयपी पत्त्याला दिवसाला ३०० विनंत्या मिळतात. की असेल तर १०,०००. एका पत्त्यावरून सेकंदाला ३० पेक्षा जास्त विनंत्या गेल्या, तर पुढच्या काही काळापुरत्या नाकारल्या जातात. आता तिसऱ्या मजल्यावरच्या कुणी हौसेनं चालवलेल्या स्क्रिप्टनं ते ३०० संपवले, तर सातव्या मजल्यावर काही न करता बसलेल्याचाही कोटा संपतो. सर्व्हरला मजले दिसत नाहीत, पत्ता दिसतो.

अशा वेळी क्लायंट लायब्ररीचं मोल कळतं. एपीआयशी बोलण्याचे सगळे सोपस्कार सांभाळणारा हा तयार कोड असतो. पायथनसाठी ‘स्टॅकएपीआय’ आणि ‘पाय-स्टॅकएक्स्चेंज’ अशा लायब्रऱ्या आहेत. त्यांची पहिली कामं साधी, पण किचकट. उत्तर नेहमी संकुचित स्वरूपात येतं. ते उलगडलं नाही तर हाती निरर्थक बाइट्स पडतात. एका पानावर जास्तीत जास्त १०० नोंदी मिळतात, म्हणून ‘आणखी आहे’ अशी खूण असेपर्यंत पुढचं पान मागावं लागतं. प्रश्नाचा मजकूर आपसूक येत नाही. त्यासाठी वेगळा फिल्टर द्यावा लागतो.

वेळेचं गणितही आहेच. एपीआय प्रत्येक वेळ १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या सेकंदांत सांगतो, तीही जागतिक प्रमाणवेळेनुसार. भारत त्यापुढे साडेपाच तास, म्हणजे १९,८०० सेकंद. हा फरक विसरून ‘आजचे प्रश्न’ मागवले, तर गुरुग्राममधल्या स्क्रिप्टचा दिवस पहाटे साडेपाचला उजाडतो आणि मध्यरात्रीनंतरचे प्रश्न कालच्या खात्यात जातात.

पण लायब्ररीचा खरा कस लागतो तो थांबण्यात. सर्व्हरवर ताण असेल, तर उत्तरासोबत ‘बॅकऑफ’ नावाचा आकडा येतो. तेवढे सेकंद त्याच प्रकारची विनंती पुन्हा करायची नाही, असा त्याचा अर्थ. नवशिक्याच्या लूपला हे ठाऊक नसतं. तो विचारतच राहतो आणि स्वतःबरोबर अख्ख्या ऑफिसवर बंदी ओढवून घेतो. चांगली लायब्ररी मुकाट्यानं थांबते. स्टॅकएपीआय तर आणखी सावध: वापरणाऱ्यानं वेगळं सांगितलं नाही, तर ती १०० नोंदींची ५ पानं आणून थांबते. शिवाय शंभर प्रश्नांचे क्रमांक अर्धविरामांनी जोडून एकाच विनंतीत पाठवता येतात. हे माहीत असलेल्याचं काम एका विनंतीत होतं, नसलेल्याच्या शंभर खर्ची पडतात.

या मर्यादांना जाचक म्हणण्याचं कारण नाही. मागणारे अनेक आणि सर्व्हर मोजके, तेव्हा कुणी किती आणि किती वेगानं घ्यायचं, हे कुठेतरी ठरावंच लागतं. लायब्ररी लिहिणारा तो नियम एकदा नीट समजून घेतो आणि तिच्या प्रत्येक वापरकर्त्याकडून नकळत पाळून घेतो. शिस्त वाटून देण्याचा याहून स्वस्त मार्ग क्वचितच सापडेल.

एक शिस्त मात्र कोडवर सोपवता येत नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवरची उत्तरं लोकांनी विनामोबदला लिहिली आहेत आणि ती क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली आहेत. ती वापरताना लेखकाला श्रेय देणं बंधनकारक आहे. एपीआय लेखकाचं नाव आणि परवान्याची आवृत्ती सोबत पाठवतो, लायब्ररी ती इमानानं आणून देते. पुढे ती छापायची की गाळायची, हे माणूस ठरवतो. तिथे कुठलाही सर्व्हर ‘थांब’ म्हणत नाही.