पिल्लाचे वाहते नाक : साधी सर्दी की गंभीर आजार?

"डॉक्टर, मुलाला दिलेले सर्दीचे औषध आमच्या पिल्लाला चालेल का?" असा प्रश्न दवाखान्यात अधूनमधून विचारला जातो. मी माणसांचा डॉक्टर. तरी या प्रश्नाचे उत्तर ठामपणे 'नाही' असेच आहे.

कुत्र्याचे नाक मुळातच ओलसर असते. नाकातून पाण्यासारखा थेंब आला, पण पिल्लू नीट खात-खेळत असेल, तर घाबरू नये. मात्र स्राव घट्ट झाला किंवा त्याचा रंग बदलला, तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) एकाच नाकपुडीतून स्राव, एकाएकी जोराच्या शिंका, पंजाने नाक घासणे : नाकात गवताचे कुसळ अडकलेले असू शकते. घरी चिमट्याने काढू नये.

२) नवजात पिल्लाच्या नाकातून दूध येणे : टाळू जन्मतः दुभंगलेला असू शकतो. दूध फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो.

३) नाकातून रक्त येणे : मार लागल्याने किंवा गोचिडांमुळे होणाऱ्या तापात असे होते.

४) दोन्ही नाकपुड्यांतून पिवळसर-हिरवा घट्ट शेंबूड, डोळ्यांना चिपडे, ताप, खोकला, मलूलपणा : हा 'डिस्टेंपर' असू शकतो.

यातील डिस्टेंपर सर्वांत घातक. हा विषाणूजन्य आजार खोकला-शिंकांतून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे पसरतो. पुढे उलट्या, जुलाब होतात. कधी पिल्लू बरे झाले असे वाटते आणि काही आठवड्यांनी झटके येऊ लागतात. विषाणू मारणारे खात्रीचे औषध नाही. सलाईन, प्रतिजैविके वगैरे आधाराचे उपचार लवकर मिळाले, तर काही पिल्ले वाचतात. २०१८ साली गीरच्या जंगलात सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यातही हाच विषाणू आढळला होता. माणसाला मात्र हा आजार होत नाही.

आता औषधांविषयी. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलचे प्रमाण चुकले तर यकृताला इजा होते. नाक मोकळे करण्याचे थेंब आणि कापूरयुक्त बामही विषारी ठरतात. घरी एवढेच करावे : कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाक-डोळे पुसावेत, पिल्लाला इतर कुत्र्यांपासून वेगळे ठेवावे आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

खरा उपाय लसीकरणाचा. डिस्टेंपरची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना द्यावी. पुढे पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा द्यावी लागते. एका डोसावर थांबू नये. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात टोचून घ्यावी.

शेवटी माझ्या विषयाचे. झटके, लाळ गळणे, वागणुकीत बदल ही लक्षणे रेबीजमध्येही दिसतात आणि रेबीज लहान पिल्लालाही होतो. अशा पिल्लाच्या तोंडात हात घालू नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये. दात किंवा नख लागले, जखमेवर लाळ पडली, तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना लावू नये. 'पिल्लूच तर आहे' असे म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लस सुरू करा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रुग्ण वाचवणे आमच्या हाती राहत नाही.