कुत्र्याने उंदराचे विष खाल्ल्यास

तूर, हरभरा घरात आला की उंदरांचा उपद्रव वाढतो आणि वऱ्हाडातील अनेक घरी झिंक फॉस्फाईडची काळी पूड आणली जाते. ज्वारीच्या भरड्यात गोडेतेल व ही पूड कालवून आमिष ठेवतात. त्या वासाने उंदीर येतो, तसा कुत्राही येतो.

आमच्या शेतावर राखणीला असलेल्या वाघ्याने असेच आमिष खाल्ले. दुधाने विष उतरते म्हणून घरच्यांनी त्याला लोटाभर दूध पाजले. कृषी पदवीधर असूनही मी ते थांबवले नाही. पहाटेपूर्वी तो गेला. केवळ दुधाने गेला असे म्हणता येणार नाही, पण ते पाजायला नको होते हे पुढे पशुवैद्यकांकडून कळले.

झिंक फॉस्फाईडचा जठरातील आम्लाशी संयोग होऊन फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो. पोटात अन्न पडले की आम्ल जास्त सुटते व वायूही वाढतो. म्हणून दूध, भाकर, तूप, ताक यांपैकी काहीही देऊ नये. लक्षणे बहुधा १५ मिनिटे ते ४ तासांत दिसतात. कुत्रा ओकतो, धापा टाकतो, सैरावैरा पळतो, पुढे झटके येतात. ओकारीला लसूण किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. तो हुंगून पाहू नये, कारण हा वायू माणसालाही घातक आहे. कुत्र्याला मोकळ्या हवेत आणावे व दवाखान्यात नेताना गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्यात.

मिठाचे पाणी पाजण्याची पद्धतही सोडावी. त्याने रक्तातील मीठ वाढून वेगळीच विषबाधा होते. बेशुद्ध किंवा झटके येणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात ओतलेले पाणी फुफ्फुसात जाते. ओकारी करवावी की नाही, हे पशुवैद्यकानेच ठरवावे.

ब्रोमॅडिओलोनच्या तयार वड्यांचे विष निराळे आहे. त्याने रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते, परंतु कुत्रा ३ ते ५ दिवस ठणठणीत दिसतो आणि इथेच फसगत होते. नंतर हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येते, शी काळी होते. झिंक फॉस्फाईडवर नेमका उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनवर मात्र जीवनसत्त्व के-१ हा खात्रीचा उतारा आहे व तो काही आठवडे द्यावा लागतो. वडी खाल्ल्याचे दिसताच, लक्षणांची वाट न पाहता, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

फवारणीच्या सेंद्रिय फॉस्फरस गटातील औषधाने लाळ गळते, अंग थरथरते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. त्यावर ॲट्रोपिनचे इंजेक्शन देतात. अंगावर औषध सांडले असल्यास हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने धुवावे.

अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत उपचाराची सोय आहे. इतरांनी तालुक्याचा दवाखाना गाठावा. सोबत विषाचे वेष्टन न्यावे. किती खाल्ले, केव्हा खाल्ले व कुत्र्याचे वजन अंदाजे किती, हे सांगावे. आपल्याकडे पूड डब्यात काढून वेष्टन चुलीत टाकण्याची सवय आहे. मग पशुवैद्यकाला सांगणार काय? पूड मूळ वेष्टनातच ठेवावी. उरलेले आमिष व मेलेले उंदीर रोज सकाळी, कुत्रा मोकळा सोडण्यापूर्वी, गोळा करून खोल पुरावेत.