बाबांची गोळी आणि फोनचं घड्याळ

२०२५च्या ऑगस्टमध्ये आम्ही घरचे चौघं जर्मनीत ड्रेस्डेनला गेलो होतो, वर्ल्ड ट्रान्सप्लांट गेम्सला. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांची ही स्पर्धा १९७८ साली इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला सुरू झाली. बाबा चालण्याच्या शर्यतीत होते. त्यांच्या ओटीपोटात आईची किडनी आहे.

आता नीट ऐका. ही किडनी बाबांच्या शरीराला कायम परकीच वाटते. प्रतिकारशक्तीने तिच्यावर हल्ला करू नये म्हणून टॅक्रोलिमसची गोळी, दर १२ तासांनी, आयुष्यभर. रक्तात औषध कमी पडलं तर हल्ल्याचा धोका, जास्त झालं तर तेच औषध किडनीला त्रास देतं. म्हणून वेळेला एवढा भाव!

बाबांची वेळ सकाळ-रात्री ९. पण विमानातून उतरलं की फोन आपोआप तिथली वेळ धरतो. म्हणजे ९चा अलार्म वाजेल तेव्हा भारतात साडेबारा. गोळीला साडेतीन तास उशीर! डॉक्टरांना आधीच विचारून आम्ही तिथे अलार्म साडेपाचचा लावला, पहाटे आणि संध्याकाळी. आणि गोळ्या हँडबॅगेतच. चेक-इनची बॅग हरवली तर काय घ्या?

शर्यतीत बाबा शेवटून तिसरे. आई फिनिश लाइनवर उभी: "अहो, माझी किडनी दमली नाही ना?"