शैक्षणिक सहल आणि अंतर्गृही मनोरंजनकेंद्रे

शालेय सहलीस ‘शैक्षणिक’ हे विशेषण केव्हा लावता येईल, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शब्दाचा वाटतो. परंतु पालकांकडून घेतल्या जाणाऱ्या वर्गणीचे समर्थन ह्याच विशेषणाच्या आधारे होत असल्यामुळे त्याचा काटेकोर विचार करणे अगत्याचे आहे. मोठ्या शहरांतील व्यापारी संकुलांत उभी राहिलेली अंतर्गृही मनोरंजनकेंद्रे आता शाळांच्या सहलींनाही निमंत्रण देतात. १९९९ मध्ये मेक्सिको शहरात आरंभ झालेल्या किडझानियाचे मुंबईतील केंद्र २०१३ मध्ये घाटकोपर येथे सुरू झाले. तेथे मुले वैमानिक, डॉक्टर, अग्निशामक अशा भूमिका करतात, कामाबद्दल खेळातील चलन मिळवितात आणि ते खर्चही करतात. कामाच्या ह्या ठिकाणांपैकी अनेकांवर खऱ्या कंपन्यांची नावे असतात. तेव्हा मुलाला परिचय व्यवसायाचा होतो की बोधचिन्हाचा, अशी शंका उद्भवते.

सहलीतील अध्ययनाविषयी फॉक, मार्टिन आणि बॉलिंग ह्या अमेरिकन संशोधकांनी १९७८ मध्ये मांडलेले प्रतिपादन येथे उपयोगी पडते. सर्वस्वी अपरिचित स्थळी गेलेल्या मुलाचे लक्ष प्रथम त्या स्थळाचा अंदाज घेण्यातच गुंतते आणि नेमून दिलेला पाठ मागे पडतो, असा त्याचा इत्यर्थ होय. झरी-जामणी वा घाटंजी तालुक्यातील एखाद्या लहान गावाहून निघालेल्या मुलाच्या दृष्टीने सरकता जिना, कृत्रिम थंडावा, झगमगाट आणि कर्कश संगीत ही सारीच नवलाई असते. दोन-तीन तासांच्या भेटीत ती ओसरत नाही. स्थळाचा नकाशा, चित्रे आणि तेथील कार्यक्रम ह्यांची माहिती वर्गात आधी दिल्यास हा अडसर पुष्कळसा कमी होतो.

तथापि अशा केंद्रांत शिकण्याजोगे काहीच नाही, असे म्हणणे एकांगी होईल. बंपर कारच्या धडकेत दोन्ही गाड्यांवर समान व विरुद्ध बल पडते. मग हलक्या मुलाची गाडीच अधिक का उसळते? गाडीभोवतीच्या रबरी पट्ट्याने आघाताचा काल वाढून बल कसे घटते? ट्रॅम्पोलिनच्या ताणलेल्या स्प्रिंगांत साठलेली ऊर्जा उडीच्या उंचीत कशी रूपांतरित होते? हे प्रश्न मुलाने सोबत नेले आणि परतल्यावर वर्गात सोडविले, तर खेळाचा प्रयोग होतो. न नेल्यास तो खेळच राहतो. नागपूर येथे १९९२ मध्ये स्थापन झालेल्या रमण विज्ञान केंद्राचा विशेष हाच की, तेथील उपकरणे मुळातच अशा प्रश्नांभोवती रचलेली आहेत.

यवतमाळ जिल्ह्यापुरता विचार करता आणखी एक तुलना आवश्यक ठरते. सहलींचा हंगाम आणि कापसाचा हंगाम येथे बहुतांशी एकच. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात कापसाची रुई व सरकी वेगळी होताना मुलास पाहता येते. एक क्विंटल कापसातून साधारणतः ३४ किलो रुई निघते आणि १७० किलोंची एक गाठ बांधली जाते. म्हणजे एका गाठीस सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. हे त्रैराशिक सोडविणाऱ्या मुलाला घरच्या कापसाचा पुढील प्रवास उमगतो. अर्थात यंत्रे, धूळ आणि आगीचे भय ध्यानी घेऊन मुलांच्या लहान तुकड्या करणे आणि सुरक्षित अंतर राखणे अपरिहार्य आहे. टिपेश्वर अभयारण्य आणि वणी परिसरातील कोळशाच्या खाणी हेही असेच जिल्ह्यातील पाठ होत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी सुचविलेल्या दहा दप्तरविरहित दिवसांना ही स्थळे सहज सामावून घेऊ शकतात.

निर्भेळ आनंदाचाही बालकास हक्क आहे आणि त्याकरिता काढलेली सहल गौण मानण्याचे कारण नाही. मात्र तिला आनंदसहल असेच म्हणावे. ‘शैक्षणिक’ म्हटलेली सहल ही अभ्यासक्रमाचा भाग ठरते, आणि अभ्यासक्रमाच्या भागापासून वर्गणी न परवडणारे मूल वगळले जाणे शाळेस समर्थनीय ठरविता येणार नाही. सहलीच्या दिवशी रिकाम्या वर्गात मागे राहिलेल्या मुलाची संख्या एक असली, तरी त्या सहलीच्या मूल्यमापनात ती जमेस धरली पाहिजे.