स्वस्त गाडी कोणाला नको होती?

स्कूटरवरचे चौघांचे कुटुंब पावसात भिजताना पाहून रतन टाटांना नॅनोची कल्पना सुचली. २००९ मध्ये ती 'लाखाची गाडी' म्हणून बाजारात आली. २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. सुरुवातीच्या काही गाड्यांनी पेट घेतल्याने लोक बिचकले. पण 'सर्वांत स्वस्त' हा शिक्काच जास्त नडला. पुढे खुद्द टाटांनीही त्याबद्दल खंत व्यक्त केली.

अकोटात आम्हालाही जुनी नॅनो मिळत होती. 'लोक काय म्हणतील?' म्हणून आम्ही ती नाकारली. त्याच पावसाळ्यात अम्मीला मोटारसायकलवर अकोल्याच्या दवाखान्यात न्यावे लागले. ओलीचिंब अम्मी एक शब्दही बोलली नाही.

वाचकहो, गाडी घेताना आधी घरच्यांची गरज पाहा. शेजाऱ्यांची नजर नंतर.