गर्भस्थ बालकाच्या मूत्रपिंडातील सौम्य सूज : भीती नको, पाठपुरावा हवा

गर्भवतीच्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘बाळाच्या किडनीला थोडी सूज आहे’ असे वाक्य आले की कुटुंबाच्या मनात भीतीचे काहूर उठते. बाळाची किडनी निकामी होईल का, गर्भपात करावा लागेल का, असे प्रश्न घेऊन नातेवाईक आमच्याकडे येतात. त्यांच्या आणि आपल्या देणगीदारांच्या माहितीसाठी या विषयाचा येथे थोडक्यात परिचय करून देत आहोत.

येथे ‘सूज’ म्हणजे दाह नव्हे. मूत्रपिंडात तयार झालेले मूत्र प्रथम नरसाळ्याच्या आकाराच्या एका पोकळीत जमते व तेथून मूत्रवाहिनीवाटे मूत्राशयात उतरते. ही पोकळी नेहमीपेक्षा रुंद दिसल्यास त्या अवस्थेला ‘हायड्रोनेफ्रोसिस’ म्हणतात. शंभर गर्भारपणांमागे साधारणतः १ ते ५ वेळा ती आढळते.

२०१४ साली तज्ज्ञांच्या संघटनांनी एकमताने ठरविलेल्या निकषांनुसार ही पोकळी १६ ते २७ आठवड्यांत ४ मि.मी.पेक्षा आणि २८ आठवड्यांपासून पुढे ७ मि.मी.पेक्षा कमी असावी. अनुक्रमे ७ व १० मि.मी.च्या आतील रुंदी, अन्य दोष नसल्यास, सौम्य समजली जाते. अशा बहुसंख्य बालकांत ती उपचारांविना आपोआप नाहीशी होते. केवळ एवढ्यावरून गर्भपाताचा विचार करण्याचे कारण नाही.

तथापि, सौम्य म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगे नव्हे. थोड्या बालकांत मूत्रवाहिनीच्या आरंभी अडथळा असतो, तर काहींमध्ये मूत्राशयातील मूत्र उलट वर चढते. यांतील काहींना वारंवार जंतुसंसर्ग होऊन मूत्रपिंडास कायमची इजा पोहोचू शकते. म्हणून ३२ आठवड्यांनंतर पुन्हा सोनोग्राफी करावी. जन्मानंतर ४८ तास उलटल्यावर, परंतु महिन्याच्या आत एक तपासणी व त्यानंतर १ ते ६ महिन्यांनी दुसरी करावी. पहिल्या दोन दिवसांत बाळाला मूत्र कमी होत असल्याने असलेली सूजही दिसेनाशी होते. यास्तव घाईने केलेली तपासणी फसवी ठरू शकते. मात्र दोन्ही मूत्रपिंडे फुगलेली असून गर्भजल कमी असेल, तर थांबू नये. अशी प्रसूती बालशल्यचिकित्सक उपलब्ध असेल तेथेच व्हावी.

खरी अडचण पुढेच येते. बाळ सुदृढ दिसते, दूध पिते, बाळसे धरते. मग तपासणीची गरज कुणाला वाटत नाही. गावाहून येण्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी हीही कारणे असतात. पालकांना आमची विनंती आहे, की गर्भारपणातील अहवाल लसीकरणाच्या कार्डासोबत जपून ठेवावा आणि बाळाला कारण न समजणारा ताप आल्यास तो डॉक्टरांना दाखवून लघवीची तपासणी करून घ्यावी. सोनोग्राफीत क्ष-किरण वापरले जात नाहीत व बाळाला वेदना होत नाहीत. गर्भलिंग सांगणे मात्र १९९४ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. त्याविषयी कृपया विचारणा करू नये.

दात्यांच्या साहाय्याने यंत्र येते, हे खरेच. परंतु त्याचे चीज होते ते बाळ दुसऱ्या तपासणीस परत आले तरच. गरजू कुटुंबांच्या या परतीच्या फेरीसाठीही आपला हात पुढे यावा, ही नम्र विनंती.